लुई म्हणजे कोण

काष्टीचा बाजार भरला की बाजारतळाच्या कडेच्या घरांमध्ये कुणाचं बोललेलं कुणाला ऐकू येत नाही. बैलांचं हंबरणं, टेम्पोचे हॉर्न, कर्ण्यावरून चादरी विकणाऱ्याचा बसलेला घसा. म्हणून त्या दिवशी सुरेखा फ्रेंचचा तास परसात करायची, पाण्याच्या टाकीला पाठ लावून. मोबाईल कठड्यावर उभा, कानात वायर आणि मांडीवर निवडायची मेथी.

मोबाईलमध्ये भिंगारच्या रुपाली मॅडम असायच्या. मिलिटरीवाल्यांच्या पोरांना आणि परदेशी निघालेल्या इंजिनिअरांना त्या फ्रेंच शिकवत. शेतकऱ्याच्या घरातली, मेथी निवडत शिकणारी ही त्यांची एकटीच विद्यार्थिनी.

सुरेखाचा नवरा हनुमंत गव्हाणे पॅनमन होता. पॅनमन म्हणजे साखर कारखान्यात पाक आटवून त्याचा दाणा धरणारा माणूस. बोटावर पाक घेऊन तो उजेडाकडे धरी, आणि दाणा कधी बसेल ते सांगे. इकडच्या फॅक्टरीत हात बसला आणि मग आयव्हरी कोस्टच्या एका कारखान्याने बोलावून नेला. पुढच्या हंगामापासून बायकोपोरीलाही क्वार्टर मिळणार होती. तिकडचा बाजार फ्रेंच, शाळा फ्रेंच, दवाखाना फ्रेंच. "मला साकरंतलं कळतं, बोलन्यातलं तू बघ," असं तो जाताना बोलला होता, आणि सुरेखाने ते मनावर घेतलं होतं.

"आज सर्वनामं," मॅडम म्हणाल्या. "वस्तूचं नाव पुन्हा पुन्हा घ्यायचं नाही, त्याजागी 'ल', आणि स्त्रीलिंगी असेल तर 'ला'. आणि ज्याला द्यायचं त्याच्या जागी 'लुई'. त्याला असो की तिला, एकच लुई. करा वाक्य. मी नवऱ्याला चहा देते. मी तो त्याला देते."

"झ ल लर दोन."

"लर? लर म्हणजे पुष्कळ जणांना. सुरेखाताई, नवरे किती आहेत तुम्हाला?"

ओसरीवर ज्वारी पाखडणाऱ्या केशरबाईंनी सूप थांबवलं. त्यांना फ्रेंच कळत नव्हतं, नवरे मात्र कळलं. "काय म्हनती गं ती मास्तरीन?"

"काय न्हाई आत्याबाई." सुरेखाला हसू आवरेना. "मॅडम, ह्यांना एकेरीत कसं म्हणू? त्याला चहा दिला म्हणजे गड्याला दिल्यासारखं वाटतं."

"फ्रेंचमध्ये राष्ट्रपतीलाही लुईच. म्हणा."

"झ ल लुई दोन."

"शाब्बास. आता नको म्हणायचं. ते त्याला देऊ नका."

"न ल लुई दोने पा."

"आणि द्या म्हणायचं असेल तर?"

"दोने-ल-लुई." हे तिला आवडलं होतं. द्या म्हणताना ही बारकी अक्षरं क्रियापदाच्या मागून निमूट चालत येतात, आणि नको म्हणताना पुढे होऊन दारात आडवी उभी राहतात. जशा बाया उभ्या राहतात, आत कुणाला येऊ द्यायचं नसलं की.

इतर विद्यार्थी महिना महिना या सर्वनामांपाशी अडखळतात, ही बाई सरसर कशी बोलते, याचं मॅडमना नवल वाटे. सुरेखाला त्यात नवल वाटत नव्हतं. लग्न झाल्यापासून तिचा सगळा संसार सर्वनामांवरच चालला होता. हे आले, ह्यांनी सांगितलं, ह्यांना विचारते. मोबाईलमध्ये नवऱ्याचा नंबर 'दिशाचे पप्पा' या नावाने होता. गावातलं देऊळ तिच्या तोंडी मारुतीचंच, चुकूनही दुसऱ्या नावाने नाही. दिशाने शनिवारी चालिसा म्हटली की ही म्हणायची, "झाली का गं तुझी ती?" नाव तिने घेतलं होतं ते उखाण्यात, चार बायांनी वाट अडवल्यावर:

*काष्टीच्या बाजारात बैलांना घुंगुरमाळ,*
*हनुमंतरावांचं नाव घेते, सोडा वाट, झाली संध्याकाळ.*

उखाण्यातलं नाव हळदीच्या बोटासारखं, लागलं न लागलं, की पुसलं. त्यात लाज होती तशी मायाही होती. जे जिवाला जपायचं ते सुरेखा तोंडावर आणत नव्हती.

तास अर्ध्यावर असताना मोबाईल थरथरला. बेलवंडीच्या सविताचा फोन. तिचा नवरा भागवत त्याच कारखान्यात फिटर होता. दोघे गडी एका खोलीत राहात, एका तव्यावर भाकरी भाजत. सुरेखाने मॅडमचा तास कापला.

"ताई, तुला कळलं का? दोघांनाबी दवाखान्यात न्येलंय. ताप हुता न्हवं का चार रोज, तो छातीत उतरला म्हनं. सायबानं फोटू धाडलाय, तुला बी टाकलाय बघ. सायब त्यांना सोडून कारखान्यावर गेला, आता उचलंना. ह्यांचाबी फोन लागतोय पन उचलत न्हाईत. मला तर बाई काय सुचंना."

"रडू नगं. मी लावते."

फोटो तिने नीट पाहिलासुद्धा नाही. दोन खाटा, दोन पांढऱ्या चादरी, चादरींखाली दोन गडी. तिने 'दिशाचे पप्पा' वर बोट ठेवलं.

रिंग गेली. आणखी गेली. मग कुणीतरी उचललं आणि एक बाईमाणूस घाईघाईने फ्रेंचमधलं हॅलो बोललं, "आलो?"

मॅडमच्या तोंडचं फ्रेंच वेगळं होतं. ते ताटात वाढलेलं असे. हे चुलीवर उकळत होतं. तिने सांगितलं, मी भारतातून बोलते, माझा नवरा तिथे आजारी आहे. हळू बोला, सिल वू प्ले.

बाई नर्स होती. ती जरा सावकाश बोलू लागली. दोन भारतीय आहेत. दोघांच्या छातीत संसर्ग आहे. दोघांना ग्लानी आहे. काळजी नको, डॉक्टर लिहून गेलेत, आता थोड्या वेळाने दोघांना इंजेक्शन देणार.

"कोणतं इंजेक्शन?"

"पेनिसिलिन."

हा शब्द कुठल्याच देशात निराळा नसतो. सुरेखाच्या हातातली मेथी खाली पडली.

चार वर्षांमागे इकडच्या फॅक्टरीत पत्रा लागून हनुमंतचा दंड फाटला होता. श्रीगोंद्यात टाके घातले, वर एक इंजेक्शन दिलं, आणि बाकावरून उठता उठता माणूस खाली बसला. तोंड घागरीसारखं सुजलं, ओठ काळेनिळे, गळ्यातून वारा आत जाईना. डॉक्टरांनी धावाधाव करून वाचवलं. नंतर ते सुरेखाला बाजूला घेऊन म्हणाले होते, "पेनिसिलिन. हे नाव पाठ करा बाई. ह्या माणसाच्या अंगात हे पुन्हा गेलं, तर दरवेळी मी जवळ असेन असं नाही." तिने पाठ केलं होतं. हनुमंतला म्हणाली होती, तिकडं गेल्या गेल्या सांगून ठेवा. तो म्हणाला होता, सांगीन की.

आता तो ग्लानीत होता आणि सांगणारी ती एकटी उरली होती, सात समुद्र सोडून, परसातल्या टाकीपाशी.

"नको!" ती ओरडली. मग तिने श्वास धरला, जसा घागर डोईवर चढवताना धरतात, आणि सगळी अक्षरं एका दमात, आपापल्या जागी उभी केली. "मादाम, न ला लुई दोने पा! ती त्याला देऊ नका. इल ए आलेर्जिक. त्याला चालत नाही. तो मरेल. तुम्ही ती त्याला दिली तर तो मरेल."

मग नर्स गंभीर आवाजात म्हणाली, "कळलं मादाम. त्याला पेनिसिलिन नाही. मी डॉक्टरांना विचारून दुसरं देते. बरं झालं सांगितलंत. मेर्सी." आणि फोन ठेवला.

केशरबाई सूप टाकून आल्या होत्या. "काय झालं? माझ्या लेकाला काय झालं? तू कुनाला वरडत हुतीस?"

तिने सगळं सांगितलं. केशरबाईंनी ऐकून घेतलं, सुनेच्या गालांवरून हात फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलावर कडाकडा मोडली. "पोरी, तू शिकलीस म्हनून वाचला गं. मी म्हनायचे, ही बया दिसभर काय ला-ला लु-लु करती." मग त्या तिथेच बसून, सवयीने, ज्वारी पाखडताना म्हणत ते हळू आवाजात म्हणू लागल्या:

*समिंद्राच्या पल्याड साकर शिजवी कोन,*
*माझ्या गं बाळाच्या हाती दान्याचं सोनं.*

मॅडमनी परत फोन केला. तास असा मध्येच तुटल्यावर त्यांनाही चैन नव्हतं. सुरेखाने रडत हसत सांगितलं. "मॅडम, एक अक्षर चुकलं नाही बघा. लर नाही म्हटलं. ला लुई, बरोबर पुढे लावलं."

"वा, सुरेखाताई! माझे इंजिनिअर विद्यार्थी गोंधळले असते. कसं कसं म्हणालात, मला पुरतं सांगा."

सुरेखाने पुरतं सांगितलं. माझा नवरा तिथे आहे. ती त्याला देऊ नका. त्याला चालत नाही. तो मरेल.

बाजारातला चादरवाला तेवढा ओरडत राहिला.

"सुरेखाताई, तिथे दोन भारतीय आहेत म्हणालात ना?"

"हो. हे आणि बेलवंडीचे भागवतभावजी."

"मग त्या बाईला कसं कळलं, लुई म्हणजे कोण?"

सुरेखा जे जे बोलली होती ते तिने पुन्हा मनात चालवून पाहिलं, जसं हरवलेलं डोरलं शोधायला बाई आल्या वाटेने माघारी चालत जाते. त्याला. तो. माझा नवरा. त्याला. सगळ्या वाटेवर नाव कुठेच पडलेलं नव्हतं.

"तिने विचारलं नाही?" मॅडमचा आवाज बारीक झाला.

"तिने विचारलं न्हाई. आन् मला..." सुरेखाला वाटलं होतं की ती बोलली म्हणजे कळलंच. काष्टीत तिने 'हे' म्हटलं की दुकानदारापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना कळे, हे म्हणजे कोण. बाईला बघूनच कळे. तिकडे तिला बघणारं कुणी नव्हतं.

"फोन त्यांचाच होता ना? मग बहुतेक..."

सुरेखाने सविताने धाडलेला फोटो उघडला. दोन बोटांनी मोठा केला. डाव्या खाटेवर तिचा नवरा, तोंड भिंतीकडे. मानेवरच्या केसांच्या भोवऱ्यावरून तिने ओळखला. उजव्या खाटेवर भागवत, उताणा. भागवतच्या उशाशी टेबल, टेबलावर चार्जरचा बोर्ड, आणि त्याला लागलेले दोन फोन. एक काळा. एक लाल कव्हरचा. लाल कव्हर दिशाने निवडलं होतं.

तिचा फोन त्या बाईने भागवतच्या उशाशी उभं राहून उचलला होता.

"मॅडम, फोन भावजींजवळ हाय." ती म्हणाली. "ती त्यांचंच इंजेक्शन थांबवणार. आन् ह्यांना देणार."

"लावा. आत्ताच्या आत्ता लावा. मी लावत नाही, दोघींनी लावला तर लाइन अडेल. मी ठेवते, लावा!"

लावला. रिंग गेली, गेली, आणि संपली. पुन्हा लावला. पुन्हा संपली. केशरबाई विचारत होत्या, आता काय, आता काय झालं गं. साहेबाला लावला, बंद. पुन्हा 'दिशाचे पप्पा'. त्या बाईने बहुतेक आवाज बंद करून ठेवला असेल, आजारी माणसाच्या उशाशी वाजू नये म्हणून. चांगल्या मनानेच केलं असेल. कुंपणापलीकडे एक खोंड दावं तोडून पळाला, माणसं हुर्रर्र करत त्याच्यामागे धावली, धूळ परसात आली. सुरेखाला वाटलं, आपणही असंच ओरडत धावावं, पण धावायला रस्ता कुठला.

काळा फोन. काळा फोनही तिथेच होता.

तिने सविताला लावला.

"सविते, भावजींचा नंबर दे."

"का गं? लागला का तुझा? काय म्हनले?"

सांगावं लागणार होतं. नंबर नुसता मागूनही मिळाला असता, पण भागवतच्या अंगात जायचं औषध सुरेखाच्या बोलण्यामुळे अडलं होतं. "सविते, ऐक. माझ्याकडून चूक झाली. मी नर्सला म्हटलं, ह्यांना ते इंजेक्शन देऊ नका, ह्यांना चालत न्हाई. पन ह्यांना म्हंजे कुनाला ते सांगितलंच न्हाई. तिनं भावजींचं बंद केलं असंल."

सविताला समजावून सांगायची गरज पडली नाही. तिच्याही मोबाईलमध्ये नवऱ्याचं नाव नव्हतं.

"आगं बया," ती म्हणाली. "आन् तुझ्या ह्यांना दिलं तर?"

"नंबर दे, सविते."

सविताने आकडे सांगितले. सुरेखाने ते ओल्या बोटाने सिमेंटच्या टाकीवर लिहिले आणि वाळायच्या आत मोबाईलमध्ये घातले. केशरबाई आता तिच्या खांद्याला धरून उभ्या होत्या. त्यांना समजलं होतं. निदान लेकाच्या जिवावर आहे एवढं समजलं होतं.

रिंग. रिंग. रिंग.

"आलो?" तीच बाई. दमलेली, जरा वैतागलेली. तिच्या पाठीमागे औषधांच्या गाड्याची चाकं करकरत होती आणि थाळीत काच काचेवर वाजत होती.

सुरेखाने या वेळी एकही सर्वनाम जुळवलं नाही.

"हनुमंत," ती म्हणाली. "मादाम, हनुमंत. हनुमंत गव्हाणे. पेनिसिलिन, हनुमंत, नाही. नो. हनुमंत!"

खांद्यावरचा सासूचा हात घट्ट झाला. काष्टीच्या भर बाजारात, उघड्या परसात, उखाणा नाही, वाट अडवणाऱ्या बाया नाहीत, डोईवर पदर कधी घसरला तेही माहीत नाही. नाव नुसतं नाव म्हणून बाहेर पडत होतं, आणि थांबत नव्हतं.

"अनुमां?" नर्स म्हणाली. "मादाम, तुम्ही मघाशी बोललात ना? मी ते बंद केलंय. उजवीकडच्या खाटेचं."

"उजवीकडचा तो नाही! डावीकडचा हनुमंत. भिंतीकडे तोंड. डावीकडचा!"

चाकांची करकर थांबली.

सुरेखाला वाटलं, ही बाई आता म्हणेल, दिलं. फक्त एवढं म्हणेल, आणि ते म्हणणं ऐकत इथे उभं राहावं लागेल. केशरबाईंचे ओठ हलत होते.

"मादाम," नर्स सावकाश म्हणाली, शब्द शब्द वेगळा काढून. "सुई माझ्या हातात आहे. मी कुणालाच देत नाही. पहिल्यांदा एक सांगितलंत, आता दुसरं सांगता. मला खात्री हवी. कागदावर तीन तीन नावं आहेत, त्यातलं कुठलं कुणाचं ते मला कळत नाही. त्याचं पूर्ण नाव सांगा. सगळं."

हनुमंत, मग बापाचं नाव, मग गव्हाणे. बापाचं नाव सासऱ्याचं. ते सुरेखाने उखाण्यातही कधी घेतलं नव्हतं. सुना घेतच नाहीत. ते फक्त एक बाई घेऊ शकली असती, आणि तिनेही जन्मभर घेतलं नव्हतं.

'हनुमंत...' म्हणून ती पुढच्या नावापाशी अडखळली ते अर्ध्या श्वासापुरतं, आणि कुठलं नाव अडलंय ते सासूला फ्रेंच न कळताही कळलं. तेवढ्यात केशरबाईंनी मान पुढे केली, मोबाईलच्या अगदी तोंडाशी आल्या, आणि जोगवा मागणाऱ्या बाईसारख्या खड्या आवाजात म्हणाल्या, "सहादेव! हनुमंत सहादेव गव्हाने! माझा ल्योक हाय त्यो! माझ्या धन्याचं नाव सहादेव!"

"सादेव," नर्सने वाचलं. कागद उलटल्याचा आवाज आला. "वी, हो. अनुमां सादेव गवान. डावी खाट. बरं. आता मी त्याला हाक मारते. तो बोलला तर तुम्ही मला सांगा, हाच का."

पावलं. मग दुरून, एका परक्या बाईच्या तोंडून, ह गाळून, अर्ध्या नाकातून: "अनुमां! मस्यू अनुमां!"

काही नाही.

"अनुमां!"

काही नाही. फोन खाली टेकल्यासारखा खरखरला. नर्स म्हणाली, "त्याच्या कानाशी धरलाय. तुम्ही बोला."

"अहो," सुरेखा म्हणाली. "अहो, ऐकलं का? अहो."

तिथे श्वास होता. जड, घरघरणारा, पण कुणाचा? ग्लानीतला माणूस कुठल्याही अहोला वळत नाही. अहो तर सगळ्या गावातच म्हणतात.

"हनुमंत!" तिने हाक मारली. रानात लांबच्या बांधावर गेलेल्या माणसाला मारतात तशी, शेवटचं अक्षर वाऱ्यावर सोडून. "हनुमंतऽऽ! ओ द्या हो! हनुमंतऽऽ!"

श्वास अडला. खोकला आला, ओला, लांबलचक. आणि मग, पाकात बोट बुडवल्यासारखा चिकट, जड आवाज: "कोन? कोन हाका मारतंय नाव घिऊन?"

"मी."

"कोन मी?"

"मी. सुरेखा. तुमची बायकू."

मग तो म्हणाला, "काय मेलो का काय मी, तू नाव घेतीस ते."

केशरबाईंनी तोंडात पदराचा बोळा कोंबला. सुरेखाने फोन दोन्ही हातांनी धरला होता, जणू हात सुटला तर तो आवाज मातीत पडेल. "न्हाई मेला. गप पडा. त्या बाईला फोन द्या."

नर्स परत आली. तिला मराठीतलं एक अक्षर कळलं नव्हतं, पण आवाज मऊ झाला होता. "हाच?"

"हाच. वी, मादाम. हाच हनुमंत."

"मग हनुमंतला मी देत नाही. डॉक्टरांना आता बोलावते, दुसरं लिहून घेते. खाटेला लावलेल्या कागदावर मी मोठ्या अक्षरात लिहिते, पेनिसिलिन नाही." ती थांबली. "आणि दुसरा? त्याला चालतं?"

सुरेखाने मोबाईल खाली घेतला, आणि तो तसाच चालू ठेवून सासूच्या फोनवरून सविताला विचारलं. "सविते, भावजींना पेनिसिलिन कधी दिल्यालं हाय का? काय झालं हुतं का?"

"दर पावसाळ्यात घेत्यात. घसा धरतो त्यांचा. काय होत न्हाई."

सुरेखाने श्वास घेतला. तिने मोबाईल तोंडाशी धरला आणि म्हणाली, "उजव्या खाटेवर भागवत आहे. भागवत." आणि मग, नाव पुरतं तिकडे पोचलं याची खात्री झाल्यावर: "भागवतला चालतं. दोने-ला-लुई, मादाम. द्या त्याला. लवकर द्या."

"तूत द स्वीत," नर्स म्हणाली. लगेच.

तिने फोन कापला नाही. बहुतेक चादरीवर ठेवला असेल, कारण सगळं ऐकू येत होतं. चाकं करकरली. कुणी पडदा ओढला. नर्स काहीतरी पुटपुटली, कुशीवर वळा असं असेल. सुरेखाने एका कानाला तिकडचा फोन लावला होता आणि दुसऱ्या कानाला सासूचा, ज्यात सविता बेलवंडीत श्वास धरून थांबली होती. बाजार ओसरत होता. न विकले गेलेले बैल पाणी पिऊन माघारी निघाले होते.

तिकडे कुणीतरी कळवळून ओरडलं, अस्सल बेलवंडीच्या आवाजात: "आई गंऽऽ! बाई, हळू की!"

"काय झालं?" सविता म्हणाली. "ताई, बोल की. काय झालं?"

"दिलं गं," सुरेखा म्हणाली. "भावजींना दिलं. वरडले आत्ता, मी ऐकलं."

सविता रडायला लागली. मग मध्येच थांबून म्हणाली, "आन् तुझ्या ह्यांचं?"

"हनुमंतचं दुसरं आनायला गेली ती. मी फोन ठिवत न्हाई अजून."

आणि तिने तो ठेवला नाही. टाकीला पाठ टेकून ती तिथेच बसली, डॉक्टर येईपर्यंत, एका अनोळखी दवाखान्यातल्या दोन गड्यांचे श्वास ऐकत. केशरबाई शेजारी टेकल्या आणि सांडलेल्या मेथीतली एक एक काडी उचलून परातीत टाकू लागल्या.